मंगळवार-शुक्रवारची नाव

माझ्या बायकोला दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरात डायलिसिसला न्यावं लागतं. तिच्या दोन्ही किडन्यांनी कामाचा राजीनामा दिला त्याला आता काही वर्षं झाली. आमचं गाव पंचगंगेच्या काठावर आहे, मोटरसायकलवर शहर पाऊण तासाच्या अंतरावर. एरवी काही अडत नाही. अडतं ते पावसाळ्यात, कारण गावातून बाहेर पडणारा एकुलता एक रस्ता ओढ्यावरून जातो आणि नदी फुगली की तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरतं. गाव उंचावर, त्यामुळं घरात पाणी यायला वेळ लागतो. रस्ता मात्र सगळ्यात आधी जातो. मग चारी बाजूंनी पाणी, त्यात उसाचे शेंडे, आणि मधे आम्ही. गावाला याची सवय आहे. चार-आठ दिवस लोक घरात बसतात, पिठलं-भाकरी खातात, बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं ते मोबाईलवर बघत राहतात. पण डायलिसिसला चार दिवस थांब म्हणून सांगता येत नाही.

मागच्या मोठ्या पुरात तिचं शुक्रवारचं डायलिसिस चुकलं. मंगळवारीही पाणी तसंच. तिचे पाय सुजून फुगले, तिला आडवं होता येईना, रात्रभर भिंतीला टेकून बसून ती श्वास ओढत होती. तहसीलला फोन केले, सगळ्यांना केले. बोटी दुसऱ्या गावांत गुंतल्या होत्या, तिथं तर लोक कौलांवर बसले होते. शेवटी शेजाऱ्याच्या गुऱ्हाळातली काईल काढली. गूळ आटवायची ती मोठी लोखंडी कढई. आमच्या भागात जुनी माणसं तीतच बसून पूर ओलांडायची. तीत गादी टाकली, बायकोला बसवलं, पोहणारे दोघं दोन्ही बाजूंना आणि मी मागं. पण काईलीला ना पुढं ना मागं. पाण्यावर गेली की ती आपली गरगर फिरायला लागते. शंभर पावलं गेलो नसू, तोवर बायको काईलीची कड घट्ट धरून म्हणाली, "मागं फिरवा. मरायचंच असंल तर घरात मरीन. काईलीत न्हाय."

बुधवारी सकाळी बोट आली. बोटीतली पोरं भली होती; आईला उचलावं तसं तिला उचलून नेलं. ती वाचली. पण त्यानंतर पाणी उतरेपर्यंत, रस्ता सुरू होईपर्यंत, तिला शहरात लेकीकडं राहावं लागलं. लेक-जावई चांगले आहेत, पण दोन खोल्यांत पाच माणसं. मग ती परत आली. तिसऱ्या दिवशी मी म्हशीची धार काढत होतो, तेव्हा मला म्हणाली, "दोन दिवस दवाखान्याचं हायत, त्ये मी मान्य केलंय. पाच दिवस माझं हायत. त्ये मी कुणाला देणार न्हाय."

डॉक्टर म्हणत होते, पावसाळ्याचे चार महिने शहरातच राहा. लेक म्हणत होती तेच. मीही एकदोनदा बोलून बघितलं आणि गप्प बसलो, कारण तिचा चेहरा मी ओळखतो. चार महिने म्हणजे तिच्या आयुष्यातले किती, हा हिशेब तिनं केला होता. माझी तो करायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, मग नाव घेऊ. ती हसली. तिला वाटलं, मी रागात बोलतोय. रागात होतोच, पण नाव घेणारही होतो.

मी टर्नर. तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. लोखंडातलं मला सगळं कळतं, असं मला वाटतं. बाकीचंही सगळं कळतं, असंही वाटत आलेलं आहे. नाव शोधायला म्हणून सुट्टीच्या दिवशी नदीकाठानं खाली खाली गेलो. नवी फायबरची बोट आमच्या आवाक्यातली नव्हती. दूध गोळा करणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं सांगितलं, कुरुंदवाडच्या अलीकडं एका नावाड्याच्या घरी एक जुनी नाव आहे. पूल झाला तेव्हा त्यांची माणसं वाहणारी मोठी नाव गेली. ही धाकटी नाव घरची होती. पलीकडच्या काठावरच्या रानात जायला, वैरण आणायला, लेकी-सुनांना माहेरी पोचवायला.

चिंचेखाली चार दगडांवर ती पालथी घातलेली होती. खाली कोंबड्या. तळ पांढरा पडला होता, आणि फळ्यांच्या सांध्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. म्हातारा नावाडी ओट्यावर बसून मला निरखत होता. मी नावेला हात लावला तसा तो उठला.

"कशाला पायजे पावणं? हॉटेलात मांडायला?"

मी नाही म्हटलं.

"मागं एक आलता. ढाब्यावाला. म्हनला, मधनं कापतो, निम्म्यात काउंटर करतो, निम्म्यात फुलझाडं लावतो. म्या म्हनलं, तुलाच कापतो की मधनं."

मी त्याला सगळं सांगितलं. ओढा, रस्ता, मंगळवार, शुक्रवार. काईलीचंही सांगितलं. त्यानं अरेरे म्हटलं नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. त्यानं विचारलं, "पानी आलं की वाट उसावनं हाय का मोकळ्या रानातनं? शेंडं किती वर ऱ्हात्यात?" आजवर आमचं ऐकून हळहळणारे पुष्कळ भेटले होते. कामाचा प्रश्न विचारणारा हा पहिला. मला तो माणूस तिथंच आवडला.

व्यवहार चहा संपायच्या आत झाला. त्याच्या सुनेनं नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावलं. नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवताना म्हातारा म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. सात वर्सं कोरडी पडल्या ती. लाकूड तहानल्यालं हाय. दुसरं काय बी करायच्या आधी मला बोलवा. सांधं भरूया, आनि मंग आठ दिवस पान्यात बुडवून ठिवूया. तिला पोटभर पिऊ द्या. मंग बगा."

मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसांपुढं हलवतात तशी.

ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा चैत्राचं ऊन होतं आणि नदीत गुडघाभर पाणी. पारावरच्या मंडळींना आयतीच करमणूक झाली. एकानं विचारलं, "पूर कुटं हाय, दाखवा की आमाला बी." मी म्हटलं, तहान लागल्यावर विहीर खणू काय? दुसऱ्यानं विचारलं, तिकीट किती ठेवणार. माझ्या मनात आलेलं उत्तर लिहिण्यासारखं नाही.

लोखंडाच्या कामात फट म्हणजे पाप. दोन भागांत केसाएवढी फट राहिली तरी माल परत येतो. त्यामुळं त्या नावेचे सांधे बघून माझे हात शिवशिवायला लागले. मी बाजारातून इपॉक्सी आणलं. दोन डब्यांतलं मिसळून लावायचं, वाळलं की दगड. रोज कामावरून आलो की अंधार पडेपर्यंत आणि रविवारी दिवसभर मी फट न् फट ठासून भरली. वरून घासलं, गुळगुळीत केलं, निळा ऑइलपेंट दिला. तीन आठवडे लागले. नाव अशी दिसायला लागली की वाटावं, बाजारातून आत्ताच आणलीय.

बायको दारात बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हातारबाबांनी आदी बोलवा म्हनलंतं."

"त्यांच्या काळात इपॉक्सी नव्हतं."

"बुडवा बी म्हनलंतं."

"नाव बुडू नये म्हणून जग धडपडतंय आणि मी आपल्या हातानं बुडवू? तुझं आपलं काहीतरीच."

तांदळातला खडा काढून तिनं बाजूला ठेवला.

मृगाच्या सुरुवातीला वळवानं नदीला थोडं पाणी आलं तसं आम्ही घाटावर नारळ फोडला आणि नाव पाण्यात ढकलली. तासभर झाला, आत एक थेंब नाही. पारावरची मंडळी आली होती, ती बघून निमूट परत गेली. मी छाती काढून उभा होतो. नाव दगडी खुंटाला बांधली आणि त्या दिवशी जेवलो तेही चार घास जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलो तर नावेत घोट्याच्या वर पाणी. सांध्यांतल्या इपॉक्सीच्या पट्ट्या सुटून आत तरंगत होत्या. लाकूड पाणी प्यायलं होतं आणि फुगलं होतं. फळ्या रुंदावल्या आणि एकमेकींना रेटायला लागल्या, पण मधे मी दगड ठासून ठेवलेला. सरकायला जागा कुठं होती? जिथं कमजोर होतं तिथं त्यांनी वाट काढली. मधली एक फासळी, म्हणजे फळ्यांना आतून धरून ठेवणारं वाकडं लाकूड, खिळ्यापाशी उभी चिरली होती. मी बघत असतानाच आणखी एक पट्टी सुटून वर आली.

मी नावेला लाथ घातली. लागलं मलाच. अंगठा घरी जाईपर्यंत काळा पडला. रागापेक्षा भीती जास्त होती, हे आज कबूल करतो. पाऊस तोंडावर आला होता आणि मी तीन आठवडे खर्चून चांगली नाव मोडून ठेवली होती. ज्या शुक्रवारी रस्ता जाईल त्या शुक्रवारी मी परत काठावर उभा राहून फोन करत बसणार, हे मला लख्ख दिसत होतं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जावा. म्हाताऱ्याला आना." आणि माझ्या अंगठ्याला हळद लावायला बसली.

म्हातारा दुसऱ्याच दिवशी माझ्या मागं मोटरसायकलवर बसून आला. हातात पिशवी, पिशवीत दोन जुन्या पटाश्या आणि एक लाकडी हातोडी. घाटावर नाव ओढून घेतली होती. त्यानं नखानं सांधा खरवडला, इपॉक्सीचा तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "तुमी काय दाताचं डॉक्टर हाय काय?"

मी म्हटलं, मामा, चुकलं.

"तुमचं लोखंड हाय तसंच ऱ्हातंय. लाकूड तसं न्हाय. उन्हाळ्यात येगळं, पान्यात येगळं. त्याला हलायला जागा ठिवाय पायजे. माणसाला बी पायजे की." एवढं बोलून तो कामाला लागला. पुन्हा माझ्या चुकीबद्दल तो मला कधी बोलला नाही, आणि मला मात्र त्यानं रोज शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

तो आमच्याकडं राहिला. मी कारखान्यातून सुट्टी काढली. पहिले तीन दिवस माझ्याच हातानं भरलेलं सगळं माझ्याच हातानं खरवडून काढलं. बैलासारखा राबलो, पण तक्रार कुणाकडं करणार? मोडलेल्या फासळीसाठी गावच्या सुताराकडं जुन्या बैलगाडीची बाभळीची दांडी होती, वर्षानुवर्षं मुरलेली. वाकही बरोबर होता. ती म्हाताऱ्यानं चार वेळा नावेत ठेवून, काढून, तासून बसवली. मी माप घ्यायला व्हर्नियर काढला तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी तो खिशात परत ठेवला.

मग सांधे भरायचे. त्यासाठी कापसाच्या लांब वाती लागतात, करंगळीएवढ्या जाड, तेलात भिजवलेल्या. नावेभर सांध्यांना किती वाती लागतात ते म्हाताऱ्यानं हात पसरून दाखवलं. बायको म्हणाली, वाती मी वळते. तिच्या डाव्या हातात डायलिसिसची फिस्टुला आहे, म्हणजे सुई टोचायला ऑपरेशन करून केलेली जाड शीर. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्यावर दाब द्यायचा नाही. आम्ही तिला कशालाच हात लावू देत नव्हतो. पण वात वळायला कुठं वजन लागतं? ती ओसरीत बसायची, मांडीवर कापूस, उजव्या तळव्यानं वळायची. देवाच्या वाती वळणाऱ्या शेजारणी आल्या, त्यांनीही वळल्या. दोन दिवसांत सुपं भरली. मंगळवारी ती दवाखान्यात पिशवीभर कापूस घेऊन गेली आणि चार तास एका हातानं जमेल तेवढे कापसाचे पेळू सोडवत बसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं सांगितलं म्हणे, आमची नाव तयार व्हायला लागलीया.

म्हातारा वात सांध्यात ठेवायचा आणि पटाशीच्या बोथट कडेनं हलकी हलकी दाबायचा. माझा हात जोरात पडला की म्हणायचा, "सैल. सैल भरा. फळीला बी काम ठिवा." वरून डांबराचा हात दिला. माझा निळा रंग गेला, नाव काळी झाली. पारावरच्यांनी विचारलं, दृष्ट लागू नये म्हणून काय? मी म्हटलं, व्हय.

आणि मग तो दिवस आला, ज्यासाठी मी म्हाताऱ्याला पहिल्यांदा मनात वेड्यात काढलं होतं. घाटाच्या बाजूला, फार खोल नसलेला, एक डोह आहे. तिथं नाव नेली, आत धोंडे भरले आणि बालदीनं पाणी ओतायला लागलो. पहिली बालदी ओतताना हात थांबला. मी म्हटलं, मामा, नक्की ना? तो म्हणाला, "वता." काठावरून कुणीतरी म्हणालं, नाव घेतली आणि बुडवली. पाणी कडेला आलं, कड पाण्याखाली गेली, आणि नाव हळूच तळाला जाऊन बसली. वर नुसते चार बुडबुडे. इतके दिवस जिच्यासाठी राबलो ती दिसेनाशी झाली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी विडी मागितली. मी विडी ओढत नाही.

बायको पायरीवर बसली होती. तिला दिवसाला मोजून पाणी प्यावं लागतं. दीड तांब्या, त्यात चहा, आमटी सगळं आलं. उन्हाळ्यात ती ओठांना नुसता ओला रुमाल लावते. डोहाकडं बघत ती म्हणाली, "मला पानी मोजून, आनि हिला नदी मोकळी." मग स्वतःच हसली. म्हातारा हसला नाही. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "तुझ्या वाटचं बी पिऊ दे तिला, बाई."

ते आठ दिवस मला फार जड गेले. पाऊस लागला होता. बंधाऱ्याची पातळी रोज थोडी थोडी चढत होती. मी सकाळ-संध्याकाळ डोहावर जाऊन गढूळ पाण्यात बघायचो, आणि अर्थातच काही दिसायचं नाही. सहाव्या दिवशी मी म्हाताऱ्याला म्हटलं, काढूया का, पाणी चढतंय. तो म्हणाला, "आठ म्हंजे आठ." सहाव्या दिवशी काढली असती तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण या वेळी मी ऐकलं. तीस वर्षांत बायकोनं मला इतकं ऐकताना बघितलं नव्हतं, असं ती लेकीला फोनवर सांगत होती.

नवव्या दिवशी भर पावसात आम्ही सात जणांनी धोंडे काढले, नाव कलती केली, पाणी उपसलं. ती वर आली. मी आत उतरून प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला. फळी फळीला चिकटली होती. वात कुठली, लाकूड कुठलं ते बोटाला कळेना. नव्या फासळीपाशी तेवढा थोडा ओलावा होता. म्हातारा म्हणाला, ते तेवढं राहणार, एक फडकं ठेवा. मग त्यानं मला चार दिवस वल्हं मारायला शिकवलं. पहिल्या दिवशी मी नाव जागच्या जागी फिरवली आणि दोष वल्ह्यांना दिला. नाचता येईना अंगण वाकडं. चौथ्या दिवशी त्यानं नावेत पेंडीची पोती ठेवली, बायकोच्या वजनाइतकी, आणि मला एकट्याला ओढ्याच्या फुगवट्यातून पलीकडं जाऊन यायला लावलं. जाऊन आलो. बायको म्हणाली, "मला पेंडीचं पोतं केलंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी म्हातारा गेला. त्याच्याही गावाला पाणी चढायच्या आत त्याला पोचायचं होतं. जाताना त्यानं नावेकडं एकदा बघितलं आणि मला सांगितलं की तिला परत कोरडी पडू देऊ नका. मी ग्रामपंचायतीत जाऊन नावेची नोंद करून आलो, अंगावर घालायची दोन जाकिटं आणि ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा आणून ठेवल्या. आता फक्त पाणी यायचं राहिलं होतं.

ते एका गुरुवारी दुपारी आलं. संध्याकाळी रस्ता गेला.

शुक्रवारी सहा वाजता, फटफटीत उजाडल्यावर, आम्ही निघालो. पाऊस थांबला होता. मी तिला जाकीट घातलं, ट्यूब बांधली, फिस्टुलाच्या हाताला प्लास्टिक गुंडाळलं. ती मधल्या फळीवर बसली. काठावर निम्मं गाव उभं होतं आणि कुणीही थट्टा केली नाही. ओढ्याच्या वर जिथं रोज मोटरसायकल जाते तिथून आम्ही चाललो होतो. खाली उसाचे शेंडे तळाला घासत होते. एके ठिकाणी पाल्यात वल्हं अडकलं, मी हिसडा मारला, नाव एका बाजूला कलली. ती म्हणाली, "भांडू नका. सोडवा." मी वल्हं मागं घेतलं, मोकळं केलं, परत घातलं. शेतातल्या पाण्याच्या मोटारींसाठी खांबांवरून नेलेल्या तारा आता पाण्याच्या जवळ आल्या होत्या. वीज बंद आहे हे आदल्या दिवशी दोनदा विचारून घेतलं होतं, तरी त्यांच्याखालून जाताना मी वाकून वल्हं आडवं धरलं. ती खाली वाकून, फडक्यानं फासळीजवळचं पाणी टिपत होती. टिपायची, बाहेर पिळायची. उजव्या हातानं. मला वाटतं, आमच्या दोघांत तीच कमी घाबरली होती.

पलीकडं जावई गाडी घेऊन उभे होते. नऊच्या पाळीला आम्ही वेळेवर पोचलो. ती यंत्राला जोडली गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो. झालं, जमलं, असं मी स्वतःशी म्हणत होतो, आणि दुसरीकडं परत तेच पाणी ओलांडायचा विचार मला सोसत नव्हता. तेवढ्यात शेजाऱ्याचा फोन आला, पाणी सकाळपासून चारच बोटं चढलंय, वारा पडलाय. तरीही मी ठरवून टाकलं, तिला लेकीकडंच ठेवायचं.

दुपारी ती बाहेर आली, डायलिसिसनंतर येते तशी, पांढरी पडलेली, पाय जड. लेक गाडीपाशी आली होती. म्हणाली, खोली आवरून ठेवलीय, आई. मी लगेच म्हटलं, बरोबर आहे, थांब चार दिवस, पाणी उतरलं की नेतो. मी तिच्याकडं बघत नव्हतो.

ती गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. "अवो," ती म्हणाली, "न्यायला तर सरकारची बोट बी येती की. माघारी आनून सोडायला कुनाची येती?"

तिनं दार उघडलं.

"मला वाटलं, त्याच्यासाठीच घेतलीया आपली."

मला तर वाटत होतं, नाव मी तिला पुरातून बाहेर काढायला घेतली. एवढे महिने तिच्यासाठी राबलो आणि तिला काय पाहिजे तेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला लाज वाटली. आणि लाजेच्या खाली बरं वाटलं, कारण तिला माझ्या हातांचा भरवसा होता, माझ्यापेक्षाही जास्त. मी तिला गाडीत बसवलं, तिच्या पायांवर शाल टाकली, घरी पोचलो की फोन करतो म्हणून लेकीला सांगितलं.

अजून चार-पाच तास चांगला उजेड होता. मी जावयांना म्हटलं, गाडी ओढ्याकडं घ्या.